पाचवी कडी

कडीवालीच्या तोंडात पुढचे चारच दात उरले होते आणि त्या चारांवर तिचा सगळा बेत उभा होता. दादाला चढावर आणायचं आणि सगळ्यांच्या देखत त्याच्या तोंडून एक आकडा वदवून घ्यायचा. तेवढं झालं की दात पडले तरी बेहत्तर, असं तिने वर्षभरापूर्वीच ठरवून टाकलं होतं.

दात लोखंडाने खाल्ले होते. कोळशाच्या खाणीत रुळांवरचे डबे एकमेकांना जोडायचे, हे तिचं काम. पुढच्या डब्याच्या पाठीला लोंबणारा हूक दातांत धरायचा, मान वाकडी करायची आणि मागच्या डब्याच्या कडीत अडकवायचा. तरुणपणी ही घोडी स्वतः डबे ओढायची. मागचा पाय मोडला तेव्हा मालक म्हणाला, "हिला आता फुकट कोण पोसणार?" तिने त्याच दिवशी दातांनी कडी लावून दाखवली. तेव्हापासून तिचं मूळ नाव कुणाच्या तोंडी राहिलं नाही, ती कडीवाली झाली.

घोडा निघाला की सैल कड्या एकामागून एक ताणल्या जातात आणि ताणताना प्रत्येक कडी वाजते. टक. पहिला डबा आला. टक. दुसरा आला. खाणीतल्या घोड्यांना शाळा कुठली, पण ही मोजणी त्यांना दुधाबरोबरच मिळायची. एका घोड्यामागे चार डबे, हा नियम मालकानेच केला होता आणि मोडायलाही तोच पुढे असायचा. भुयाराच्या अंधारात हळूच पाचवा डबा लावून द्यायचा आणि वर ओरडायचं, चारच आहेत, ओढा! घोड्यांना मागचं दिसत नसे, पण त्यांचे कान काही मालकाने विकत घेतले नव्हते.

त्या कानांचं हत्यार करायची अक्कल दादाची, हे मान्य करायलाच हवं. तेव्हा तो नुसता काळ्या होता. भुयार कोसळून त्याची आई गेली, तेव्हा कडीवालीने त्याला आपल्या गव्हाणीत घेतलं. एका बाजूने तिचा सख्खा धाकटा भाऊ तोंड घालायचा, दुसऱ्या बाजूने हा. दोघंही तिला ताई म्हणायचे. मोठेपणी ह्याच काळ्याने तबेल्यात उभं राहून सांगितलं होतं, "पाचवी टक ऐकली की पाय रोवायचे. मारू देत, चाबूक मोडू देत. मेलो तरी पुढचं पाऊल टाकायचं नाही." आणि एका सकाळी खरोखरच सगळे घोडे जागच्या जागी उभे राहिले. मालकाने मारून पाहिलं, उपाशी ठेवून पाहिलं, गोड बोलूनही पाहिलं. नवव्या दिवशी तो ट्रंक उचलून चालता झाला. धाकटा त्या नऊ दिवसांत काळ्याच्या शेजारी उभा होता. त्याच्या पाठीवरचे वळ शेवटपर्यंत गेले नाहीत.

भिंतीवर चुन्याने लिहिलं गेलं, 'चार. पाचवा कधीच नाही.' लिहिलं कावळ्याने, कारण लिहिता त्यालाच यायचं. पूर्वी तो मालकाच्या वह्या लिहायचा. मालक गेला तसा तो उडून काळ्याच्या खांद्यावर येऊन बसला, आणि पहिल्याच दिवशी त्याला दादा म्हणाला. बाकीच्यांनाही ते आवडलं.

पुढचं काय सांगायचं? दादा मालकाच्या खोलीत राहायला गेला, कारण म्हणे तिथल्या खिडकीतून रस्त्यावर नजर ठेवता येते. मग गादीवर झोपायला लागला, कारण जमिनीच्या ओलीने नजर ठेवणाऱ्याची पाठ धरते. मालकाचे कुत्रे हाकलायचे ठरले होते, ते दारात पहाऱ्याला बसले. रस्त्यापलीकडच्या माणसांना कोळसा देऊन धान्य आणायचे, त्यातलं चांगलं धान्य खोलीत जायचं आणि कोंडा तबेल्यात. दादाचा दादासाहेब झाला, आणि मग दादा गळून नुसता साहेब उरला. कुणी तोंड उघडलं की कावळा विचारायचा, "मग मालकाला परत बोलावू का?" की सगळे मूग गिळून गप्प.

मग एक दिवस कड्यांना टोपडी आली. गोणपाटाचे तुकडे ग्रीसमध्ये बुडवून प्रत्येक कडीवर घट्ट बांधायचे. कावळ्याने कारण वाचून दाखवलं, "ही टक टक म्हणजे गुलामगिरीचा आवाज. साहेबांना तुमच्या कानांची काळजी आहे." घोड्यांनी कान हलवले. टोपडी बांधायचं काम अर्थातच कडीवालीकडे आलं. त्या दिवसापासून खाणीत डबे मुक्याने चालायला लागले.

आणि मग तो दिवस. सकाळी दादा स्वतः भुयाराच्या तोंडाशी आला. अंगावर चरबी चढलेली, आयाळ विंचरलेली. "ताई," तो म्हणाला, "आजच्या दिवस धाकट्याच्या मागे पाचवा लाव. माल कमी पडतोय. उद्यापासून चार."

"त्याला कळलं तर?"

"कशाने कळणार? टोपडी आहेत ना. आणि तो माझ्या शब्दाबाहेर नाही, तुला माहीत आहे."

तिने पाचवा लावला. का लावला? तर साहेब झाल्यापासून पहिल्यांदाच त्याने तिला ताई म्हटलं होतं. एवढ्या एका शब्दावर ही शहाणी विरघळली. त्याबद्दल तिने स्वतःला कधी माफ केलं नाही, आणि ही गोष्ट सांगणाऱ्यालाही तिची बाजू घ्यायची नाही.

भुयारातून बाहेर पडलं की थोडं सपाट आहे, तिथे एका बाजूला जादा डब्यांचा फाटा, आणि मग चढ. चढावर घोडा दमला तर कडीवालीने लाकडी ठोकळा चाकामागे सरकवायचा, म्हणजे ओझं ठोकळ्यावर जातं आणि घोड्याला श्वास घेता येतो. धाकटा अर्ध्या चढावर थांबला. त्याचे गुडघे थरथरत होते. मागे वळून तो एवढंच म्हणाला, "ताई, चारच आहेत ना गं? माझंच काहीतरी बिघडलंय मग." ती लंगडत, ठोकळा ढकलत धावली. चाकाशी पोहोचायला दोन पावलं राहिली होती. तेवढ्यात दादा आडवा आला आणि त्याने ठोकळ्यावर पाय ठेवला.

"देऊ नकोस," तो म्हणाला. "आज ह्याला ठोकळा दिलास तर उद्या सगळे थांबतील."

तिने डोक्याने ढकललं, दातांनी ओढलं. एक दात तिथेच तुटला. पाय हलला नाही. धाकटा गुडघ्यांवर आला आणि पाच डबे त्याला घेऊन खाली गेले.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या हौदावर कामचुकारांची फळी लागली. पहिलं नाव धाकट्याचं. 'चार डबे असूनही ह्याने चढावर अवसान गाळले.' पाणी प्यायला जाणाऱ्या प्रत्येकाला ती वाचून दाखवायला कावळा हजर असायचा. कडीवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती फळीसमोर उभी राहून पाणी प्यायली, आणि वळून कावळ्याला म्हणाली, "अक्षर छान आहे हं तुझं."

वर्षभर ती तशीच वागली. साहेब दिसले की मान लववायची. टोपडी घट्ट बांधायची. तबेल्यातले आंधळे काका, जे मालकाच्या बापाच्या काळापासून खाणीत होते, एकदा तिला म्हणाले, "काय गं, भावाला विसरलीस?" काकांनी कान तिच्याकडे वळवला. तिचे दात एकमेकांवर घासत होते. काका म्हणाले, "बरं बरं," आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

ती मुक्तीच्या दिवसाची वाट पाहत होती. मालक पळाला तो दिवस दरवर्षी साजरा व्हायचा, आणि त्या दिवशी दादा आपला जुना खोगीरपट्टा चढवून, डोळ्यांना झापडं लावून, स्वतः चार डबे भुयारातून चढाच्या माथ्यापर्यंत ओढायचा. साहेब अजूनही आपल्यातलेच आहेत, हे सगळ्यांना दिसायला हवं ना! चारी डबे काठोकाठ भरलेले दिसायचे. खरं तर कडेला फळ्या टाकून वर चार बोटं कोळसा पसरलेला असायचा, खाली नुसती हवा. हे गुपित तिघांना माहीत होतं, साहेब, कावळा आणि फळ्या टाकणारी कडीवाली. तिच्यावर त्यांचा फार विश्वास होता. सख्ख्या भावाला पाचवा डबा लावणारी घोडी आता कुठे जाणार, असा त्यांचा हिशेब.

ह्या वर्षी तिने फळ्या टाकल्या नाहीत. कोठाराची झडप उघडून चारी डबे तळापासून भरले आणि ती भुयारात साहेबांची वाट पाहत उभी राहिली.

दादा आला. पट्टा पोटावर बसेना म्हणून दोन भोकं सैल करावी लागली. "फार ताणू नकोस, ताई," तो हसत म्हणाला. त्याने पाऊल टाकलं आणि त्याचं हसू गेलं. डबे हलले, पण जड हलले.

"हे काय? फळ्या?"

"चाकांना वंगण कमी पडलंय, साहेब. बाहेर सगळे खोळंबलेत. थांबवू का? सांगू का त्यांना, साहेबांना चार झेपत नाहीत?"

त्याने तिच्याकडे पाहिलं, पण झापडांमुळे त्याला तिचा चेहरा काही दिसला नाही. बाहेरून जयजयकार ऐकू येत होता. सपाटीवर भरलेले डबेही रेटता येतात. तो दात-ओठ खात निघाला.

भुयाराबाहेर सगळी खाण जमली होती. चढाच्या दोन्ही अंगांना घोडे, खेचरं आणि पहाऱ्याचे कुत्रे, आणि पुढच्या रांगेत आंधळे काका. पायथ्याशी थांबून साहेबांनी भाषण करायचं, असा शिरस्ता होता. त्याने भाषण लांबवलं, कारण त्याला दम लागला होता. मालकाचा जुलूम, नऊ दिवस, आपण कसे उभे राहिलो, सगळं आपलंच घोडं दामटणं. धाकट्याचं नाव त्यात नव्हतं. तो बोलत होता तेवढ्या वेळात कडीवालीने मागे जाऊन पाचही कड्यांवरची कामं उरकली. चार कड्यांची टोपडी दातांनी सोडून टाकली. फाट्यावर सकाळीच भरून ठेवलेला पाचवा डबा छातीने रेटत रुळावर आणला. हूक उचलताना कटकन आवाज झाला आणि तोंडात रक्ताची चव आली. दात गेला. हूक मात्र बसला.

कुणी पाहिलं नसेल? पाहिलं. दोन खेचरांनी तर चांगलंच पाहिलं. त्यांनी माना दुसरीकडे वळवल्या.

भाषण संपलं. दादाने मान खाली घातली आणि चढाकडे पाऊल टाकलं.

टक.

कितीतरी दिवसांनी तो आवाज झाला होता. सगळ्या खाणीचे कान एकदम उभे राहिले.

टक. टक. टक.

आणि मग पाचवी. टक.

दादाचे चारही पाय जमिनीत रुतल्यासारखे थांबले. डोक्याने थांबवले नव्हते, ते आपोआप थांबले. लहानपणापासून शिकलेले, नऊ दिवस मार खाऊन न हललेले ते पाय. गादी आणि खिडकी त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती.

"पाच," आंधळे काका मोठ्याने म्हणाले.

"काकांचे डोळे गेलेच होते, आता कानही गेले!" दादा ओरडला. आवाज चिरकला होता. "चारच आहेत. चारच असतात."

"मग थांबलात का, साहेब?" मागून कुणीतरी विचारलं, आणि कुणीतरी हसलं. त्या खाणीत साहेबांवर कुणी हसल्याचं आजवर ऐकलं नव्हतं.

इथे तो म्हणू शकला असता की, हो, पाच आहेत, कुणीतरी खोडी केली. पण घोडा थांबतो तो पाचव्या डब्यामुळे, एवढं कबूल केलं की हौदावरची फळी उघडी पडते. आणि अहंकार असा की, जे धाकट्याला जमलं नाही ते मला जमेल. तो पुढे झुकला. पट्टा करकरला. पाच डबे चढाला लागले.

कडीवाली ठोकळा तोंडात धरून बाजूने चालत होती. तिला घाई नव्हती. कुठपर्यंत जाता येतं, हे तिला माहीत होतं.

अर्ध्या चढावर, धाकटा थांबला होता त्याच्या दोन हात अलीकडेच, दादा थांबला. गुडघे थरथरायला लागले. तोंडातून फेस गळत होता. "ठोकळा," तो पुटपुटला. "ताई, ठोकळा दे."

तिने ठोकळा त्याच्या डोळ्यांसमोर जमिनीवर ठेवला. तोंड मोकळं झाल्यावर ती शांतपणे म्हणाली, "किती डबे आहेत, काळ्या?"

"चार."

"मग ओढ की."

"कुत्र्यांनो!" तो ओरडला. कुत्रे उठले, आणि कावळ्याकडे पाहू लागले. कावळा आभाळाकडे पाहत होता. कुत्र्यांनी शेपूट घातलं.

"किती डबे आहेत?"

"ताई, मी तुझ्या गव्हाणीत वाढलोय गं."

"तोही वाढला होता. किती?"

"पाच!" तो किंचाळला. "पाच आहेत! त्या दिवशीही पाचच होते! मी लावायला सांगितले! झालं समाधान? आता दे!"

काकांनी एवढंच म्हटलं, "ऐकलं बाबा."

झालं होतं. जे हवं होतं ते मिळालं होतं. आता ठोकळा दोन पावलं ढकलायचा आणि घरी जायचं. कडीवालीने पाय उचलला. समोर चरबी चढलेलं ते धूड थरथरत होतं, आणि तिच्या डोळ्यांसमोर दुसराच घोडा होता, माझंच काहीतरी बिघडलंय म्हणणारा. तिने पाय ठोकळ्यावर ठेवला आणि भार दिला.

"आज तुला ठोकळा दिला," ती म्हणाली, "तर उद्या सगळे थांबतील."

त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याला आठवलं, हे तिला दिसलं. ते पाहायलाच ती वर्षभर जगली होती, आणि खरं सांगायचं तर तिला ते पाहून बरं वाटलं. मग त्याचे गुडघे टेकले आणि पाच डबे त्याला घेऊन खाली गेले.

धूळ बसली. कुणी रडलं नाही. सगळे तिच्याकडे पाहत होते, ती काय सांगते याची वाट पाहत. पंख फडफडले आणि कावळा तिच्या खांद्यावर येऊन बसला.

"ताईसाहेब," तो कानात म्हणाला, "नोंद काय करू? चार डबे होते, वय झालं होतं, चढावर हृदय थांबलं. असं लिहिलं तर तुमच्यावर काही येत नाही. आणि ती खोली आता रिकामीच आहे."

कुत्रे तिच्या पायाशी येऊन शेपट्या हलवत होते. ताईसाहेब. हा शब्द तिला क्षणभर गोड लागला, हे लपवण्यात अर्थ नाही. तिला खिडकी आठवली, गादी आठवली, मोडका पाय आठवला. मग तिने खाली पाहिलं. तिचा पाय अजून ठोकळ्यावरच होता, अगदी त्याचा होता तसाच. तिने तो चटका बसल्यासारखा काढून घेतला.

"पाच लिही," ती म्हणाली. "हौदावरची ती फळी काढ आणि नव्या फळीवर लिही. पाच डबे होते, आणि पाचवी कडी कडीवालीने लावली."

"आज?" कावळ्याने जपून विचारलं.

"दोन्ही वेळेला."

खांद्यावरून उडावं की बसून राहावं, हे कावळ्याला ठरवता येईना.

"आणि पुन्हा साहेब म्हणालास," कडीवाली तोंडातलं रक्त थुंकून म्हणाली, "तर तुझी चोच ह्याच कडीत अडकवीन. तीन दात अजून शाबूत आहेत माझे."